सफ्रजेट स्टाइल सायकल फेरी कशी काढायची (आमच्या चुकांसकट)

आम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरच्या अकरा मराठी बायका. जूनमध्ये एका रविवारी लांब स्कर्ट आणि टोप्या घालून सायकलवर निघतो, शंभरएक वर्षांपूर्वी इथल्या बायका मताच्या हक्कासाठी निघायच्या तशा. दोन वर्षं झाली हे चालूय आणि दरवेळी फोटो टाकले की कुणी ना कुणी विचारतंच की आम्हालाही करायचंय, सांग ना कसं करायचं. प्रत्येकीला व्हॉइस नोट पाठवून पाठवून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय, लांबलंय, पण चहा घेऊन वाचा.

पहिल्या वर्षी आमचं काय झालं ते आधी सांगते. टोप्यांना पिसं लावली, जांभळे पट्टे घातले, रील्स काढले, सगळं झकास. मग बाजारात एका आजोबांनी विचारलं की या बायका सायकलवरून नक्की करायच्या तरी काय? आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसलो. सायकल चालवायच्या, आणखी काय! घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं की सायकल त्यांच्यासाठी सामान वाहायचं आणि पोचायचं साधन होतं, कॅरियरवर पेपरचे गठ्ठे, हँडलला पिशवीत पत्रकं आणि खडू, आणि जिथे ट्रेन जात नाही त्या गावात जाऊन भाषण ठोकून संध्याकाळी घरी. नुसतं नटून फिरायचं असेल तर फॅन्सी ड्रेस करा, तोही मजेचाच असतो. पण फेरी म्हणत असाल तर त्यांनी जे काम केलं त्यातलं थोडं तरी करा, बाकी सगळं त्याच्याभोवती आपोआप जमतं.

तर पहिलं काम, आपण कोण आहोत ते ठरवा. आमचा सगळ्यात मोठा घोळ इथेच झाला होता. ब्रिटनमध्ये मताची मागणी करणारी एकच संघटना नव्हती. पँकहर्स्ट मायलेकींची डब्ल्यूएसपीयू (विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन) १९०३ मध्ये मँचेस्टरला सुरू झाली, 'सफ्रजेट' हा शब्द त्यांच्यासाठी, डेली मेल पेपरने १९०६ मध्ये चिडवायला म्हणून काढलेला आणि या बायकांनी तो मिरवला. त्यांचे रंग जांभळा, पांढरा, हिरवा, आणि ते १९०८ मध्ये ठरले, त्यामुळे १९०५ चा सीन करत असाल तर जांभळे पट्टे नकोत. मिलिसंट फॉसेट यांची संघटना एनयूडब्ल्यूएसएस (नॅशनल युनियन ऑफ विमेन्स सफ्रेज सोसायटीज), कायद्याच्या चौकटीत काम करणारी, सभासद कितीतरी जास्त, रंग लाल, पांढरा, हिरवा. तिसरी विमेन्स फ्रीडम लीग, हिरवा, पांढरा, सोनेरी. आम्ही पहिल्या वर्षी अर्ध्या जणी जांभळ्यात आणि अर्ध्या लाल रंगात, म्हणजे एका मोर्चात दोन पक्षांचे झेंडे. लायब्ररीतल्या बाईंनी हसून सांगितलं, तेव्हा कळलं.

आणि शक्य असेल तर आपल्या गावातली एक बाई शोधा. पँकहर्स्ट सगळ्यांनाच माहीत असतात. आमच्याकडे अॅलिस हॉकिन्स आहे, बुटांच्या कारखान्यात मशीन चालवणारी, सहा मुलांची आई, मतासाठी पाच वेळा तुरुंगात गेलेली. ती क्लॅरियन सायकलिंग क्लबमध्ये होती, म्हणजे समाजवादी कामगारांचा सायकल क्लब, आणि लेस्टरच्या आसपासच्या गावांत सायकलवर जाऊन प्रचार करायची, वर ब्लूमर्स, म्हणजे ढगळ विजार, घालायची म्हणून लोक नाकं मुरडायचे. नवरा आल्फ्रेडसुद्धा तसलाच. १९१० मध्ये ब्रॅडफर्डला चर्चिलच्या सभेत मध्येच प्रश्न विचारला म्हणून त्याला बाहेर फेकलं, त्यात पाय मोडला, मग कोर्टात जाऊन १०० पौंड भरपाई मिळवली पठ्ठ्याने. अॅलिसचा पुतळा २०१८ पासून बाजारात उभा आहे. आम्ही कित्येक वर्षं त्याच्या बाजूने भाजी आणायला जात होतो आणि कोण ही बाई, कधी विचारलं नाही.

आता सायकल. नवी घेऊ नका, खरंच नको. लेडीज सायकल, पुढे दांडा नसलेली, हँडल वर आलेलं म्हणजे ताठ बसता येतं, पूर्ण चेनकव्हर, आणि मागच्या चाकाला जाळी. आपल्याकडे आईच्या सायकलला साडी अडकू नये म्हणून असायची ना जाळी, तीच, तेव्हा स्कर्टसाठी असायची. अशी सायकल सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळते कारण आजकाल कुणाला नको असते. फक्त घेताना ब्रेक स्वतः दाबून बघा, एका दुकानदाराने मला 'सर्व्हिस केलेली' म्हणून दिलेल्या सायकलचा मागचा ब्रेक पहिल्याच उतारावर तुटला. नशीब, उतार छोटा होता आणि पुढे झुडूप होतं.

रंगवायची असेल तर नमुना आहे. १९०९ मध्ये एल्सविक कंपनीने डब्ल्यूएसपीयूच्या रंगांत खास लेडीज सायकल काढली होती, त्यावर सिल्विया पँकहर्स्टने केलेल्या डिझाइनचं पदक, आणि तिची जाहिरात संघटनेच्याच पेपरात यायची. आपण एवढं करायची गरज नाही, सायकलच्या फ्रेमला रंगीत टेप गुंडाळा, नंतर काढता येते. क्रेप पेपर मात्र अजिबात नको!! पहिल्या वर्षी चाकात क्रेप पेपर विणला, अर्ध्या वाटेत पाऊस, आणि सगळ्यांचे पांढरे स्कर्ट जांभळे. रिबिन लावली तर टोकं घट्ट शिवून टाका, मोकळं टोक चेनमध्ये गेलं की संपलं.

सगळ्यांकडे भारी सायकल नसली तरी बिघडत नाही, तेव्हाही नव्हतीच. क्रिस्टाबेल आणि सिल्विया या पँकहर्स्ट बहिणी पोरी होत्या तेव्हा क्लॅरियन क्लबबरोबर जायच्या, क्रिस्टाबेलकडे चांगल्या कंपनीची सायकल आणि सिल्वियाकडे कुणा कॉम्रेडने जोडून दिलेली, गॅसच्या पाइपांची बनवलीय म्हणायचे. मग काय, चढावर ताई पुढे आणि धाकटी धापा टाकत मागे. आमच्यात पण एकीची इलेक्ट्रिक आहे, ती चढावर मागे वळून 'चला गं' म्हणते तेव्हा सगळ्यांना सिल्विया आठवते.

कपड्यांचं जरा नीट वाचा कारण सगळ्यात जास्त अपघात याच्यामुळे होतात. तेव्हाही व्हायचे. हेलेना स्वॉनविक, जी पुढे एनयूडब्ल्यूएसएसच्या पेपरची संपादक झाली, तिने लिहून ठेवलंय की दगडी रस्त्यावर आपटलं की स्कर्ट पेडलला इतका घट्ट गुंडाळलेला असायचा की तो सोडवायला उठताही यायचं नाही. म्हणून बायका काय काय करायच्या, स्कर्टच्या काठात शिशाची वजनं शिवायच्या म्हणजे वाऱ्याने उडत नाही, आतून इलॅस्टिकचे फास करून पायात अडकवायच्या, आणि ज्यांची हिंमत होती त्या सरळ दुभागलेला स्कर्ट नाहीतर ढगळ निकर्स, ज्याला तेव्हा रॅशनल ड्रेस म्हणायचे. लेडी हार्बर्टन ही त्याची मोठी पुरस्कर्ती. १८९८ मध्ये सरेतल्या ऑकम गावात हॉटबॉय हॉटेलात ती या कपड्यांत गेली, तर मालकिणीने कॉफी रूममध्ये बसू दिलं नाही, बारच्या बाजूला बसा म्हणाली. सायकलवाल्यांच्या संघटनेने केस केली आणि १८९९ मध्ये हरले. म्हणजे सायकल चालवलेली चालेल, पण चालवता येईल असे कपडे घालून आत यायचं नाही.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं की अगं बाई, काष्टा घाला की! नऊवारीत आपल्या आज्या शेतात राबल्या, घोड्यावर बसल्या, आणि इथे बिचाऱ्या शिसं शिवत बसल्यात. दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या तिघी नऊवारी नेसून आल्या आणि एकीचाही पदर किंवा काठ अडकला नाही (पदर कमरेला खोचून पिन लावायची, हे सांगायला नको). ऐतिहासिकदृष्ट्या चूक, पण सुरक्षेत पहिला नंबर.

स्कर्टच हवा असेल तर हा जुगाड करा. स्कर्टचा मागचा काठ पायांमधून पुढे घ्या, गुडघ्याच्या जरा खाली मागच्या कापडाच्या आतून एक नाणं धरा, ते पुढच्या कापडात ढकला, आणि दोन्ही कापडांसकट नाण्याला बाहेरून रबर बँड घाला. झाली पँट. उतरलात की रबर काढा, परत स्कर्ट. घोट्याच्या वर चार बोटं एवढीच लांबी ठेवा, फोटोत कळत नाही. आणि हेल्मेट घालायचंच, त्यावरून रिबिनीची टोपी पिनांनी बसवता येते. तेव्हा हेल्मेट नव्हतं वगैरे ऐकून घेऊ नका.

ज्यांना सायकल येत नाही त्यांचं काय? आमच्या फेरीत दोघींना येत नव्हती, एक काकू ५८ वर्षांच्या. त्यांना मी फ्रान्सिस विलर्डची गोष्ट सांगितली. ही अमेरिकेतल्या दारूबंदीवाल्या बायकांच्या प्रचंड मोठ्या संघटनेची अध्यक्ष, बायकांना मत मिळालंच पाहिजे म्हणणारी, वयाच्या ५३ व्या वर्षी सायकल शिकली, सायकलीचं नाव ठेवलं ग्लॅडिस. रोज साधारण १५ मिनिटं, असे तीन महिने. काकूंनी पण तेच टाइमटेबल घेतलं. पद्धत अशी, दोन्ही पेडल काढून टाका (डावं पेडल काढताना उलट्या दिशेने फिरवायचं, जोर लावून आटे खराब करू नका), सीट एवढी खाली करा की दोन्ही पाय सपाट टेकतील, आणि हलक्या उतारावर पायांनी ढकलत जा. तोल आला, पाय उचलून दहा-पंधरा फूट जाता आलं, की मगच पेडल लावा. मागून सीट धरून पळायची आपली पद्धत मोठ्या माणसांना चालत नाही, धरणाऱ्याची कंबर जाते. काकू सात आठवड्यांत तयार झाल्या. सायकलचं नाव मात्र इंदुमती.

ते अमेरिकेतल्या मताच्या चळवळीची नेता सुझन अँथनीचं वाक्य तुम्हाला सगळीकडे दिसेल, की बायकांच्या मुक्तीसाठी सायकलने जेवढं केलं तेवढं जगात दुसऱ्या कशानेच केलं नाही. वाक्य खरंय, १८९६ मध्ये न्यूयॉर्क वर्ल्ड पेपरसाठी पत्रकार नेली ब्लायला दिलेल्या मुलाखतीतलं. बोर्डावर लिहायचं तर लिहा, पण मला विचाराल तर ते वाक्य थोडं जास्तच गोड आहे. सायकल महाग होती, १८९० च्या दशकात कामगार बायकांना परवडायची नाही, आणि सायकल आली म्हणून मत मिळालं असं काही झालं नाही. १८९७ मध्ये केंब्रिजला बायकांना डिग्री द्यायची की नाही यावर मतदान होतं, तेव्हा विरोधातल्या पोरांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर लटकवला होता. पूर्ण डिग्री मिळाली १९४८ मध्ये. तोवर सायकली किती जुन्या झाल्या असतील बघा.

रूट. बारा ते पंधरा किलोमीटर, तीन थांबे, यापेक्षा जास्त नको कारण प्रत्येक थांब्यावर अर्धा तास जातो. डब्ल्यूएसपीयूच्या सायकलिंग स्काउट्स असायच्या त्या अशाच, शहरातून निघायचं, बाहेरच्या वस्तीत जायचं, बोलायचं, पेपर विकायचा, पुढे. आम्ही बाजारातल्या अॅलिसच्या पुतळ्यापासून निघतो, ग्रेट सेंट्रल वे धरून एलस्टोन मेडोजकडे, गाड्या नाहीत, चढ नाही. इंग्लंडमध्ये असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, एखाद्या कारणाचा प्रचार करायला किंवा एखाद्या घटनेची आठवण म्हणून सार्वजनिक मिरवणूक काढायची तर पोलिसांना ६ दिवस आधी लेखी कळवावं लागतं. फॉर्म भरा, काही अवघड नाही. जमिनीवर खडूने लिहिणार असाल तर काउन्सिलला पण विचारून घ्या.

खडू आवर्जून घ्या. त्या बायका सभेच्या आधी फुटपाथवर खडूने वेळ आणि जागा लिहायच्या, फुकटची जाहिरात, पाऊस आला की पुसली, परत लिहा. आम्ही एक जण अर्धा तास आधी पुढे पाठवतो, ती लिहिते, घंटा वाजवते, लोक थांबतात, मग बाकीच्या पोचतात. शाळेची हातघंटा मिळाली तर उत्तम, सायकलच्या घंटीने कुणी ढुंकूनही बघत नाही.

आणि पेपर विका, खराखुरा. ए-फोर दोन्ही बाजूंनी छापून घडी घाला, त्यात तुमच्या गावातल्या बाईची गोष्ट लिहा. त्या वेळी 'व्होट्स फॉर विमेन' एका पेनीला मिळायचा, आणि विकणाऱ्या फुटपाथवर न थांबता खाली रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या, कारण फुटपाथवर उभं राहिलं की पोलीस रहदारीला अडथळा म्हणून पकडायचे. ही एक गोष्ट मुलांना सांगितली की पुढचा अर्धा तास तीच आपल्याला फुटपाथवरून खाली उतरवत राहतात. पेपर विकणाऱ्यांत आपली सोफिया दुलीप सिंग पण होती, महाराजा रणजितसिंगांची नात, हॅम्पटन कोर्टला राहायची, सायकलची भारी हौस, आणि १९१३ मध्ये तिथेच राजवाड्याच्या बाहेर पेपर विकतानाचा तिचा फोटो आहे. आमच्यातल्या एकीच्या मुलीला तीच व्हायचं असतं दरवेळी.

भाषण पाच मिनिटांच्या वर नको. आपल्यातल्याच दोघींच्या नवऱ्यांना गर्दीत उभं करून ओरडायला सांगा, 'घरी जाऊन भांडी घासा', 'तुझी पोरं कोण सांभाळतंय'. उत्तर तयार ठेवा. खरं तर याहून वाईट व्हायचं, १९१३ च्या पिल्ग्रिमेजमध्ये, म्हणजे एनयूडब्ल्यूएसएसच्या बायका १८ जूनपासून देशाच्या कानाकोपऱ्यातून चालत, काही सायकलवर, काही घोड्यावर, लंडनला निघाल्या आणि २६ जुलैला हाइड पार्कला पोचल्या, पन्नासेक हजार लोक जमले तेव्हा, पण वाटेत कितीतरी गावांत दगड आणि सडकं खाणं झेललं. आपल्याला टोमॅटो परवडत नाहीत, नवऱ्यांच्या आवाजावर भागवा.

कुणीतरी विचारणारच, आग लावली ती पण याच बायकांनी ना? हो म्हणा. लपवू नका. १९१२-१३ पासून डब्ल्यूएसपीयूच्या काही बायकांनी रिकामी घरं पेटवली, खिडक्या तर त्याआधीपासूनच फोडायच्या. प्रेस्टनची ईडिथ रिग्बी, जी तिथे सायकल घेणारी पहिली बाई म्हणतात आणि सायकलवर दिसली की लोक तिच्यावर अंडी मारायचे, तिने १९१३ मध्ये रिव्हिंग्टनचा लॉर्ड लिव्हरह्यूमचा बंगला आपणच जाळला असं स्वतः सांगितलं. यावर आमच्यात दर वर्षी वाद होतो आणि होऊ दे. माझं मत आहे की फक्त गोड गोड सांगितलं तर तुरुंग, उपोषणं, जबरदस्तीने नळीने भरवणं हे सगळं हवेत राहतं.

दुसरा हमखास प्रश्न, आपल्याकडे बायकांना मत कधी मिळालं? मुंबई प्रांतात १९२१ मध्ये, पण मालमत्तेच्या अटीवर, म्हणजे मोजक्याच जणींना. त्याआधी १९१९ मध्ये हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन मुंबईहून लंडनला येऊन बाजू मांडून गेल्या होत्या. इथे ब्रिटनमध्ये १९१८ ला तिशीच्या पुढच्या आणि अटींत बसणाऱ्या बायकांना, आणि पुरुषांच्या बरोबरीने २१ व्या वर्षी १९२८ ला. तारखा हातावर लिहून ठेवा, माइक हातात आला की सगळं विसरायला होतं.

शेवटच्या थांब्याला आम्ही दुसऱ्या वर्षापासून एक गोष्ट करतो ती सगळ्यांना आवडते, न्यूझीलंडवाली. तिथे बायकांना मत १८९३ मध्येच मिळालं, १९ सप्टेंबरला कायदा झाला, जगात देश म्हणून पहिला. केट शेपर्ड ही त्यांची नेता, क्राइस्टचर्चला बायकांचा अटालांटा सायकल क्लब १८९२ मध्ये निघाला त्यात ती होती. त्यांनी देशभर फिरून अर्जांवर सह्या गोळा केल्या, सगळे मिळून जवळपास ३२ हजार, आणि मुख्य अर्जाचे कागद एकाला एक चिकटवून लांबच लांब गुंडाळी केली, २७० मीटर. ती संसदेत खासदार सर जॉन हॉल यांनी जमिनीवरून उलगडत सोडली.

आपण काय करायचं, घरून कागदाच्या पट्ट्या घ्या, प्रत्येक थांब्यावर लोकांना सही आणि एक ओळ लिहायला सांगा, आज तुम्हाला कशासाठी सही करावीशी वाटते ते. बस स्टॉप, डे केअरची फी, पार्कमधला दिवा, काहीही येतं. शेवटी सगळ्या पट्ट्या चिकटवा आणि झाडूच्या दांड्याला गुंडाळून पोरांना सोडायला द्या, दांडा शेवटी धप्पकन पडतो तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात. फेव्हिकॉल नाही तर इथली ग्लू स्टिक चालते, पण डबल लावा. दुसऱ्या वर्षी आमची ४१ मीटर भरली.

सामान: हवेचा पंप, दोन ट्यूब, पंक्चर किट, मोठ्या सेफ्टी पिना (लहान नको), रबर बँड, खडू, पाणी, आणि पहिल्या व शेवटच्या सायकलवर चमकणारं जॅकेट घातलेली माणसं, ज्यांनी मागेपुढे जायचं नाही. खायला वडापाव न्या, काकडीची सँडविचं नेऊन बघितली, कुणी खाल्ली नाहीत. आणि ती गुंडाळी घरी नेलीत की आधी उलगडून वाळवा, आमची गॅरेजमध्ये तशीच ठेवली आणि ऑगस्टपर्यंत तिला बुरशी लागली, सगळ्या सह्या गेल्या.